अर्जेंटिनाचे तेल, ब्राझीलची पेंड आणि आमचे सोयाबीन : केंद्र सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
मा. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
मा. केंद्रीय अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : खाद्यतेल आयात शुल्कातील वारंवार होणारे बदल आणि त्यांचा सोयाबीन उत्पादकांवर होणारा परिणाम

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

३० मे २०२५ रोजी आपल्या सरकारने कच्च्या सोयातेलासह कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. कृषी उपकर आणि अधिभार धरून एकूण शुल्क २७.५ टक्क्यांवरून १६.५ टक्के झाले. त्या आठवड्यात महाराष्ट्रात पाऊस वेळेआधीच दाखल झाला होता, बियाण्याच्या बॅगा घराघरांत येऊन पडल्या होत्या आणि यंदा सोयाबीन किती, तूर किती हा हिशेब शेतकऱ्याने मनाशी पक्का केलेला होता. साडेआठ महिन्यांपूर्वी, १४ सप्टेंबर २०२४ रोजी, हेच शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेताना तो निर्णय तेलबिया उत्पादकांच्या हिताचा असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते. मग ते हित एका हंगामापुरतेच होते का, हा प्रश्न आम्ही कुणाला विचारायचा, हे कळत नसल्यामुळे हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातला सोयाबीन उत्पादक आहे. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन शेतीत राहिलो आणि आता एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कामात लक्ष घालतो. गटातल्या सभासदांचा माल कधी विकायचा आणि कधी थांबायचा, याचा सल्ला देण्याची जबाबदारी माझ्यावर असते. सकाळी प्लांटचे दर मोबाइलवर येतात, ते मोंढ्यातल्या सौद्याशी ताडून पाहायचे आणि मग फोन सुरू करायचे, असा हंगामातला माझा दिवस असतो. दर पन्नास रुपयांनी का पडला, हे सभासदाला सांगता आले नाही की वाईट वाटते. त्या कारणांचा माग काढत गेलो, तेव्हा त्यातली बरीचशी लातूरात नाहीत, दिल्लीतही नाहीत, तर अर्जेंटिनातल्या पराना नदीच्या काठी आणि ब्राझीलच्या डिझेल पंपांवर आहेत, हे ध्यानात आले. आपल्या मंत्रालयांकडे ही माहिती माझ्यापेक्षा कितीतरी अधिक असणार. निर्णयांत मात्र ती दिसत नाही, हे माझे म्हणणे आहे आणि म्हणून ती येथे थोडी विस्ताराने मांडतो.

अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन शेजारी देशांची सोयातेल निर्यात १९९० च्या दशकाच्या मध्याला जवळपास बरोबरीची होती. त्यानंतर तीस वर्षांत ब्राझीलचे सोयाबीन उत्पादन वाढत वाढत २०२४-२५ मध्ये सतरा कोटी टनांच्या घरात गेले आणि अर्जेंटिना चांगल्या वर्षी पाच कोटी टनांच्या आसपास घुटमळत राहिला. तेलाच्या निर्यातीत मात्र नेमके उलटे घडले. अर्जेंटिना दुष्काळाची साले सोडली तर वर्षाला ४० ते ६० लाख टन तेल बाहेर पाठवतो. ब्राझीलची निर्यात २००५ मध्ये सुमारे २७ लाख टन होती, ती २०१० मध्ये सोळा लाखांपर्यंत घसरली, २०१९ मध्ये जेमतेम दहा लाखांवर आली, २०२२ मध्ये एकदम उसळून २६ लाखांच्या घरात गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा चौदा लाखांच्या आत आली. ज्याच्या शेतात सोयाबीन तिप्पट पिकते, तो तेल पाव हिश्शाने विकतो. जमीन, पाऊस किंवा शेतकऱ्याचे कसब यांतून या गोष्टीचा उलगडा होत नाही, तो त्या देशांच्या करधोरणातच शोधावा लागतो.

अर्जेंटिनाने २००२ च्या आर्थिक संकटात सोयाबीनवर निर्यात कर बसवला तो कच्च्या दाण्यावर २३.५ टक्के आणि तेल व पेंडीवर २० टक्के. २००७ अखेर हे दर अनुक्रमे ३५ आणि ३२ टक्के झाले. वरवर पाहता हा शेतकऱ्याला नागवणारा कर आहे, आणि तो तसा आहेच. मार्च २००८ मध्ये सरकता, म्हणजे बाजारभावाबरोबर वाढत जाणारा, कर लावण्याचा घाट घातला गेला तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी महिनोन्‌महिने रस्ते अडवले आणि जुलैमध्ये सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर खुद्द उपराष्ट्राध्यक्षांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत देऊन तो ठराव पाडला. तथापि माझे लक्ष त्या तीन-साडेतीन टक्क्यांच्या फरकाकडे आहे. कच्चा दाणा बाहेर पाठवला तर कर जास्त आणि गाळप करून तेल-पेंड पाठवली तर कर कमी, एवढ्या एका फरकावर रोसारिओ शहराच्या वर-खाली परानाच्या काठी, सान लोरेन्झो, पुएर्तो सान मार्तिन, तिंबुएस या पट्ट्यात, जगातले सर्वांत मोठे सोयाबीन गाळप केंद्र उभे राहिले. जहाज धक्क्याला आणि कारखाना त्याच्याच मागे, अशी तिथली रचना आहे. घरात तिथले लोक प्रामुख्याने सूर्यफुलाचे तेल खातात आणि लोकसंख्या पुरती पाच कोटीही नाही. साहजिकच तेल बाहेर जाते.

पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी हा फरक काढून टाकला, ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा आणून जानेवारी २०२१ पासून दाण्यावर ३३ आणि तेलावर ३१ टक्के असा केला, मार्च २०२२ मध्ये काही काळ पुन्हा मिटवला. २०२५ मध्ये दर २६ आणि २४.५ वर आले आणि डिसेंबरात २४ आणि २२.५ झाले. कर वर गेला, खाली आला, सरकारे उजवी-डावी झाली, तरी गाळपाला झुकते माप देणारा फरक दरवेळी परत आला. आपल्या धोरणात अशी एकही गोष्ट मला दाखवता येत नाही, जी सरकार कोणतेही असो, टिकून राहिली.

ब्राझीलने दुसरी वाट धरली. १९९६ च्या कांदिर कायद्याने कच्च्या मालाच्या निर्यातीवरचा राज्यांचा कर माफ झाला, मात्र तेच सोयाबीन गाळपासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेले तर कर लागू राहिला. त्यामुळे कच्चे सोयाबीन थेट बंदरावर नेणे फायद्याचे झाले. त्याच सुमारास चीनने तेलापेक्षा दाणा विकत घेऊन आपल्या किनाऱ्यावर गाळण्याचे धोरण धरले, आणि २०२३ मध्ये ब्राझीलने दहा कोटी टनांहून अधिक सोयाबीन कच्चेच निर्यात केले, त्यातले बहुतांश चीनला. देशात जे गाळले जाते, त्याच्या तेलाला २००५ च्या कायद्याने घरचे गिऱ्हाईक मिळाले. २००८ मध्ये डिझेलमध्ये २ टक्के जैवडिझेल, जे तिथे मुख्यतः सोयातेलापासून बनते, मिसळणे सक्तीचे झाले, २०१० मध्ये ५, २०१८ मध्ये १०, मार्च २०२४ मध्ये १४ आणि ऑगस्ट २०२५ पासून १५ टक्के. २०२२ सालची ती उसळी याच हिशेबात बसते. त्या वर्षी ब्राझीलने मिश्रण १० टक्क्यांवर रोखून धरले होते, युक्रेनचे सूर्यफूल तेल युद्धात अडकले होते, इंडोनेशियाने एप्रिलअखेरीस पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली होती, आणि आपले आयातदार तेलासाठी ब्राझीलच्या दारात उभे होते. मिश्रण पुन्हा वाढले आणि निर्यात पुन्हा आटली.

आता हे सारे औशातल्या माणसाने का सांगावे? कारण या दोन्ही देशांच्या धोरणांचा भार आमच्या एकाच पोत्यावर पडतो, फक्त तो वेगवेगळ्या बाजूंनी पडतो. शंभर किलो सोयाबीन गाळले की सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. तेलाचा दर किलोमागे दहा रुपयांनी हलला तर क्विंटलला १८० रुपयांचा फरक पडतो, तर पेंडीचा दर तेवढाच हलला तर ८०० रुपयांचा. अर्जेंटिना आपल्याला तेल विकून आमचे १८ किलो स्वस्त करतो. ब्राझील तेल घरात जाळण्यासाठी जास्त सोयाबीन गाळतो, त्यातून निघणारी पेंड जगाच्या बाजारात लोटतो आणि आमचे ८० किलो स्वस्त करतो. ब्राझीलची पेंड निर्यात अलीकडे वर्षाला दोन कोटी टनांच्या वर गेली आहे. आपली, बरे वर्ष असेल तर, वीस लाख टनांच्या आसपास असते. बांगलादेश, इराण किंवा युरोपातल्या गिऱ्हाइकासमोर आमच्या पेंडीची किंमत त्यामुळे कशी दिसत असेल, हे वेगळे सांगायला नको. भारताची ब्राझीलकडून तेल आयात घटली म्हणजे तिकडचा धोका कमी झाला, असे कुणी दिल्लीत समजत असेल तर तो समज आधी दूर व्हावा.

हे मांडून झाल्यावर माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार अस्थिरतेची आहे आणि तीच सर्वांत मोठी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला. त्याच महिन्यात बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी मिळाली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणले गेले. २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन व सोयातेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे आगाऊ सौदे, बंद झाले आणि त्या बंदीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. मे २०२२ मध्ये वर्षाला वीस लाख टन कच्चे सोयातेल दोन वर्षांसाठी शुल्कमुक्त केले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये ती सवलत मुदतीआधीच मागे घेतली गेली. मग सप्टेंबर २०२४ ची वाढ, मे २०२५ ची कपात. यातला एखादा निर्णय त्या त्या वेळी समर्थनीय असेलही, महागाईच्या काळात सरकारने हातावर हात धरून बसावे असे मी म्हणत नाही. परंतु पेरणी ते विक्री या पाच-सहा महिन्यांत नियम बदलणार नाहीत, एवढा भरवसा या सगळ्या काळात एकदाही मिळाला नाही. भाव चढला की सरकार दुसऱ्या दिवशी हलते आणि पडला की खरेदी केंद्राच्या नोंदणीची तारीख जाहीर व्हायला महिना जातो, हा अनुभव आमच्याकडच्या शेतकऱ्याला आता तोंडपाठ झाला आहे.

दुसरी तक्रार संरक्षण नेमके कुणाला दिले जाते याविषयी. मे २०२५ च्या निर्णयाचे स्वागत झाले, ते कच्चे तेल आणि रिफाइंड तेल यांच्या शुल्कातला फरक ८.२५ टक्क्यांवरून १९.२५ टक्के झाला म्हणून. रिफाइंड तेल आयात करण्यापेक्षा कच्चे आणून देशात शुद्ध करणे परवडेल, रिफायनऱ्या चालतील, असे त्यामागचे गणित आहे आणि ते रिफायनरीपुरते बरोबरच आहे. पण बंदराजवळच्या रिफायनरीत शुद्ध होणारे ते कच्चे तेल रोसारिओहून आलेले असते. त्यात आमचा एक दाणाही नसतो. अर्जेंटिनाने फरक ठेवला तो दाणा आणि तेल यांच्यात, म्हणजे गाळप करणाऱ्याच्या बाजूने, आणि आपण ठेवला तो कच्चे तेल आणि शुद्ध तेल यांच्यात, म्हणजे जहाजातून तेल उतरवून घेणाऱ्याच्या बाजूने. कच्च्या तेलावरचे शुल्क उतरले की देशातल्या सोयाबीनचे गाळप करणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटचे मार्जिन उतरते आणि प्लांट ती कसर आमच्याकडून काढतो. आमचा माल जातो त्यातला एक प्लांट आता हंगाम सरला की महिनोन्‌महिने बंद असतो. ऐन हंगामातही गेटवर गाडी उभी राहिली की परखी (पोत्यातून नमुना काढायची लोखंडी नळी) खुपसून नमुना काढतात, ओलाव्याच्या यंत्रावर आकडा पाहतात आणि मग कटती, म्हणजे कपात, सांगतात. मार्जिन चांगले असते त्या दिवसांत हाच ओलावा फारसा कुणी काढत नाही. त्या माणसांचा मला राग नाही. त्यांनाही आपल्या अधिसूचना आमच्यासारख्या रात्री मोबाइलवरच कळतात.

तिसरी तक्रार सप्टेंबर २०२५ ची आहे. २२ सप्टेंबर रोजी अर्जेंटिनाने परकीय चलनाची निकड भागवण्यासाठी धान्य आणि सोयाबीन उत्पादनांवरचा निर्यात कर शून्यावर आणला. सात अब्ज डॉलरची मर्यादा तीन दिवसांत भरली आणि सवलत बंद झाली. तेवढ्यात भारतीय आयातदारांनी सुमारे तीन लाख टन सोयातेलाचे सौदे करून टाकले. व्यापाऱ्याने स्वस्त मिळेल तिथून घ्यावे, यात गैर काही नाही. पण त्याच आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टी चालू होती, मांजरा आणि तेरणाच्या काठची शिवारे पाण्याखाली होती आणि काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटत होते. रोसारिओहून निघालेले तेल आपल्या बंदराला लागायला सव्वा-दीड महिना लागतो. म्हणजे ते उतरले तेव्हा मोंढ्यात आमचे डागी, ओले सोयाबीन येत होते. ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर असताना आवकेच्या दिवसांत सौदे त्याच्या बरेच खाली झाले. परदेशी सरकारच्या तीन दिवसांच्या निर्णयाला तोंड देण्याची आपल्याकडे काय व्यवस्था आहे? मला तरी ती दिसली नाही.

चौथी तक्रार एकाच देशावर वाढत चाललेल्या भिस्तीची. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या तेलवर्षात, २०२४-२५ साली, देशात सुमारे ५५ लाख टन सोयातेल आले. हा आजवरचा उच्चांक आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अर्जेंटिनाचा आहे. आपण त्यांचे पहिल्या क्रमांकाचे गिऱ्हाईक झालो, तेही आपण ठरवून नव्हे. एप्रिल २०१० मध्ये चीनने तेलातल्या द्रावकाच्या अवशेषांचे कारण पुढे करून अर्जेंटिनाचे तेल घेणे थांबवले, तेव्हा त्यांना पर्यायी बाजार हवा होता आणि तो भारतात मिळाला. त्याच देशात २०२२-२३ च्या दुष्काळात सोयाबीनचे पीक अडीच कोटी टनांवर, म्हणजे नेहमीच्या निम्म्यावर आले होते. तसे पुन्हा झाले तर ब्राझील मदतीला येईलच असे नाही, कारण १५ टक्के मिश्रणाने त्याचे तेल आधीच बांधून घेतले आहे. दोन पुरवठादार आहेत असे कागदावर दिसते, पण गरजेच्या वेळी हाताशी येईल असा एकच.

येथे आपल्याकडून येऊ शकणारा एक प्रश्न मीच उपस्थित करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क बावीस टक्क्यांनी वाढवूनही त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाला पोहोचले नाही, ग्राहकाला तेल मात्र महाग पडले. मग शुल्काचा आग्रह कशासाठी? प्रश्न रास्त आहे. शेतकरीही पिशवीतले तेल दुकानातूनच आणतो, त्याला महागाई कळते. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या ८० किलोंमध्ये आहे. शुल्काने तेल सावरले, पण जगात पेंड कोसळत होती आणि देशात मका व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याने, म्हणजे डीडीजीएसने, कोंबडीखाद्यातली सोयापेंडीची जागा घेतली होती. एका हाताने तेलाला आधार आणि दुसऱ्या हाताने इथेनॉल धोरणातून पेंडीला धक्का, हे दोन मंत्रालयांनी एकाच वर्षी केले आणि त्यांनी आपसांत काही ताडून पाहिले असेल असे वाटत नाही. म्हणून केवळ शुल्क वाढवा, अशी माझी मागणी नाही. तेल, पेंड आणि दाणा यांचा विचार एकत्र व्हावा, एवढे म्हणणे आहे.

उत्पादकतेचाही मुद्दा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ब्राझीलमध्ये हेक्टरी पस्तीस क्विंटलच्या आसपास सोयाबीन पिकते, आपल्याकडे सरासरी दहा-अकरा. हे अंतर कोणत्याही शुल्काने भरून निघणार नाही. पण ब्राझीलने १९७३ मध्ये एम्ब्रापा ही संशोधन संस्था उभी केली, सेराडो या मध्य ब्राझीलमधल्या गवताळ प्रदेशाच्या आम्लधर्मी जमिनीला मानवतील असे वाण काढले, आणि हे काम सरकारे बदलली तरी दशकानुदशके चालू ठेवले. आपल्याकडे परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी चांगले वाण दिले आहेत, एमएयूएस-६१२ आणि फुले संगम आमच्या शिवारात लोकांनी आपणहून स्वीकारले. मात्र खात्रीचे बियाणे पेरणीपूर्वी पुरेसे मिळत नाही आणि घरच्या बियाण्याची उगवण तपासून पेरावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल अभियानाला १०,१०३ कोटी रुपये दिले आहेत आणि २०३०-३१ पर्यंत तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण भावाचा भरवसा नसताना शेतकरी हे वाढीव क्षेत्र आणि वाढीव खर्च कोणत्या आधारावर करणार? आमच्याच भागात काही जण सोयाबीन सोडून उसाकडे वळत आहेत, आणि लातूरसारख्या जिल्ह्यात, जिथे २०१६ मध्ये पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्याचा अर्थ काय होतो, हे मी सांगण्याची गरज नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

कच्च्या सोयातेलावरील शुल्क दरवर्षी १५ मेपूर्वी जाहीर करावे आणि पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत ते बदलू नये. बदल अपरिहार्यच असेल तर तो आधी प्रसिद्ध केलेल्या सूत्राने व्हावा, ज्यात आयात तेलाची बंदरावरची किंमत, पेंडीचा दर आणि सोयाबीनचा हमीभाव हे तिन्ही घटक असतील. जागतिक व्यापार संघटनेत आपण सोयातेलासाठी कमाल ४५ टक्क्यांची मर्यादा मान्य केली आहे. पामतेलासाठी ती ३०० टक्के आहे. म्हणजे आपल्या हाती जागा मर्यादितच आहे. ती जपून आणि आधी सांगून वापरावी.

शुल्कात कोणताही बदल करताना कच्चे आणि शुद्ध तेल यांतल्या फरकासोबतच देशी सोयाबीनचे गाळप करणाऱ्यांच्या मार्जिनवर काय परिणाम होईल, याचा अंदाज निर्णयासोबत प्रसिद्ध करावा. तो करायला आपल्या मंत्रालयांना एक दिवस पुरेल.

ऑक्टोबर ते मार्च या काळात सोयापेंडीच्या आयातीला परवानगी देणार नाही, असे लेखी आश्वासन द्यावे. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचे तेल आणि एकदा पेंडही देशात चालली, ते वाण पेरायला मात्र आम्हाला परवानगी नाही. त्या वाणांच्या बाजूने किंवा विरोधात मी येथे बोलत नाही, पण निकष दोन्हीकडे एकच असावा.

सोयापेंडीच्या निर्यातीसाठी, विशेषतः शेजारी देशांसाठी, वाहतूक साहाय्याची योजना आणावी आणि डीडीजीएसच्या वाढत्या पुरवठ्याचा सोयापेंडीवर होणारा परिणाम कृषी मंत्रालयाने तपासून अहवाल जाहीर करावा.

ब्राझील, अर्जेंटिना आदी दक्षिण अमेरिकी देशांच्या मर्कोसुर गटाशी २००९ पासून लागू असलेल्या प्राधान्य व्यापार कराराचा विस्तार करण्याची बोलणी चालू आहेत. त्यात सोयातेल आणि सोयापेंड यांना कोणतीही नवी सवलत देऊ नये आणि बोलणी पूर्ण होण्याआधी तेलबिया उत्पादक राज्यांशी, म्हणजे किमान मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थानशी, चर्चा करावी.

कच्च्या खाद्यतेलावर जो ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर गोळा होतो, त्याचा दरवर्षीचा आकडा आणि त्यातला किती भाग तेलबियांवर खर्च झाला, हे जाहीर करावे. पंचावन्न लाख टन सोयातेलावर हा उपकर लागत असेल तर ती रक्कम लहान नाही. बियाणे तपासणी, गोदाम आणि वाळवणी यंत्रे यांसाठी तिचा निश्चित हिस्सा तेलबियांच्या जिल्ह्यांना मिळावा. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या गटाकडे एक धान्य वाळवणी यंत्र असते तर निम्मा माल डागी ठरला नसता.

वायदेबंदीबाबत निर्णय घ्यावा, एकतर कारणांसह ती कायम करावी किंवा उठवावी. पुढच्या चार महिन्यांचा भाव काय असेल याचा अंदाज आज अर्जेंटिनातल्या शेतकऱ्याला रोसारिओच्या बाजारातून मिळतो, मला माझ्या पिकाचा तो मिळत नाही.

आणि शेवटची, अगदी साधी मागणी. कोणत्या देशातून किती सोयातेल येऊन पडले आणि किती समुद्रात आहे, याची माहिती व्यापाऱ्यांना पैसे मोजून मिळते. तीच माहिती सरकारने दर पंधरवड्याला मराठी आणि हिंदीत, बाजार समितीच्या फलकावर लावता येईल अशा स्वरूपात, विनामूल्य द्यावी. अर्जेंटिनाने कर उतरवला आणि जहाजे निघाली, हे आमच्या सभासदांना त्याच आठवड्यात कळले असते, तर ज्यांच्याकडे कोरडा माल होता त्यांच्यातल्या काहींनी तरी तो आधी विकला असता.

या पत्राची प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांकडे आणि राज्याच्या कृषी व पणन विभागांकडे पाठवत आहे. येत्या खरिपाची पेरणी जूनमध्ये सुरू होईल. किमान पहिल्या मागणीवर, म्हणजे शुल्क जाहीर करण्याच्या तारखेवर, १५ मेपूर्वी आपले लेखी उत्तर मिळावे, अशी विनंती आहे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल, त्यावरून यंदा सोयाबीन किती एकरांवर पेरायचे, हे आमच्या सभासदांना निदान आधी ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक सोयाबीन उत्पादक,
तालुका औसा, जिल्हा लातूर